पोरीला नर्सिंगला घातलंय

(‘आरोग्यसेवा आणि स्त्रिया’ या विषयावरील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

सकाळच्या सत्रात आपण दवाखान्यात बाईला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल बोललो. बाळंतपणाच्या टेबलावर ओरडणं, फटके मारणं, ‘तेव्हा नाही का लाज वाटली’ असलं बोलणं, हे सगळं पुन्हा एकदा ऐकलं. बोलणाऱ्या बहुतेकींच्या तोंडी ‘ती सिस्टर’ असाच शब्द होता. डॉक्टरांचा उल्लेख फार कमी वेळा आला, दवाखान्याच्या मालकाचा तर एकदाच. मी मोजत होते, कारण मला दुपारी या ‘ती सिस्टर’बद्दलच बोलायचं होतं. ती कुठून येते, कशी शिकते आणि तिला पहिली नोकरी कशी लागते, याबद्दल.

आधी माझ्यावरच बेतलेली एक गोष्ट सांगते. नावं-गावं सांगणार नाही, कारण त्यातल्या दोघी आजही त्याच भागात राहतात आणि एक नोकरीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आली. पंधरा दिवसांची बाळंतीण, सोबत तिची आई. तालुक्याच्या एका खाजगी प्रसूतिगृहात रात्री बाळंत होताना सिस्टरने तिच्या मांडीवर दोन फटके मारले होते आणि एक गालावर. बाळ सुखरूप होतं. घरचे म्हणत होते, बाळ बरं आहे ना, मग जाऊ दे. पण ही बाई जाऊ द्यायला तयार नव्हती, आणि ते योग्यच होतं. आम्ही चौघीजणी तिथे गेलो. निवेदन लिहून नेलं होतं, ‘संबंधित परिचारिकेवर तात्काळ कारवाई करावी’ असं. डॉक्टरांनी काहीच खळखळ केली नाही. ‘हो, हो, तिला आजच काढतो’ म्हणाले आणि तिला बोलावून घेतलं. मालक इतक्या लवकर ऐकतो तेव्हा आपल्याला शंका यायला हवी. मला तेव्हा आली नाही. पडदा सरकवून जी मुलगी आत आली तिला मी ओळखलं. चार वर्षांपूर्वी तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला होता.

ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही?’ बस, एवढंच.

आम्ही निवेदन न देता परत आलो आणि आमच्यात भांडण झालं. एक जण म्हणाली, ‘तुझ्या ओळखीची निघाली म्हणून तू मऊ झालीस. तिथे दुसरी कुणी असती तर?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसरी कुणी असती तर निवेदन देऊन, फोटो काढून, अहवालात एक ओळ लिहून आम्ही मोकळ्या झालो असतो. हे मी आज इथे कबूल करते.

आता त्या मुलीबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या घरातली, थोरली. आई-बाप वर्षाचे सहा महिने कारखान्यावर. आईची पिशवी तिशीच्या आतच काढलेली. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली होती, ते तुम्हाला आठवत असेल. ही त्यांच्यातल्याच एकीची मुलगी. फॉर्म भरायला आली तेव्हा मी विचारलं, नर्सिंगच का? ती म्हणाली, ‘आईचं काय काढलं ते कुणी तिला नीट सांगितलंच नाही. मला ते कळलं पाहिजे.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते आमच्या वार्षिक अहवालात घातलं. आम्हा एमएसडब्ल्यूवाल्यांना असली वाक्यं फार आवडतात. पण ज्या कॉलेजचा फॉर्म मी भरत होते त्याच्या दवाखान्यात खाटा किती आहेत, हे मात्र मी विचारलं नाही. फी पहिल्या वर्षाला सत्तर हजार होती. ती तिच्या बापाने मुकादमाकडच्या उचलीतून भरली. म्हणजे मुलगी शिकायला गेली आणि त्या शिक्षणाचा पहिला हप्ता आई-बापाने कोयता हातात घेऊन फेडला.

आमच्याकडे ‘पोरीला नर्सिंगला घातलंय’ असं म्हणतात. त्यात ती कुठल्या कोर्सला आहे हे कुणी सांगत नाही, आणि बऱ्याचदा घरच्यांना माहीतही नसतं. तीन वाटा आहेत. एएनएम दोन वर्षांचा, बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि पुढे उपकेंद्रावरची आरोग्यसेविका व्हायची ती याच वाटेने. जीएनएम तीन वर्षांचा, बारावी कला शाखेची असली तरी चालते, पण इंग्रजी विषय हवा. बीएस्सी चार वर्षांचा, त्याला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. पहिल्या दोन्हींची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. हे तीन कोर्स केले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते, आणि नोंदणी झाली की मगच मुलगी कायद्याने नर्स.

चौथी वाट कुणी बोलून दाखवत नाही, पण आपल्या मुली सगळ्यात जास्त तिथेच जातात. एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर पाटी असते, ‘नर्सिंग’ शब्द मोठा, खाली बारीक अक्षरात असिस्टंट किंवा केअर असलं काहीतरी. सहा महिने, वर्षभर. दहावी नापास चालते. पांढरा गणवेश, टोपी, शपथविधीचा फोटो, सगळं असतं. नोंदणी मात्र होत नाही. आमच्या वस्तीतल्या एका आईने कानातलं मोडून मुलीला तिथे घातलं होतं. मुलीने वर्ष पुरं केलं आणि सरकारी जाहिरात आल्यावर नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात काय लिहायचं ते विचारायला माझ्याकडे आली. त्या रकान्यात लिहायला तिच्याकडे काही नव्हतं. ती आज एका दवाखान्यात सलाईन लावते, इंजेक्शनं देते, टाके घालायला मदत करते, आणि पाच हजार घेते. डॉक्टरांना ती परवडते. शिकलेल्या मुलीचा पगार का वाढत नाही, याचं एक उत्तर शेजारच्या टेबलावर असं उभं असतं. या दोघींना एकमेकींचा राग येतो. मालकाचा राग दोघींनाही येत नाही, निदान मोठ्याने तरी नाही.

या कामाकडे बघण्याची आपल्या समाजाची नजर हा एक वेगळा विषय आहे, त्यात फार जात नाही. पुण्याच्या सेवासदनाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला विधवा आणि गरजू बायकांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घराघरांतून मुली मागून आणाव्या लागत. दुसऱ्याचं मलमूत्र काढायचं, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रीचं घराबाहेर राहायचं, हे उच्चवर्णीय घरांना चालणारं नव्हतं. आज घरचे स्वतःहून घालतात, पण कोणाच्या घरचे? आमच्या भागात मी ज्यांचे फॉर्म भरले त्यात बौद्ध, मातंग, वंजारी, पारधी, मुसलमान मुली आहेत. लग्न ठरवताना मात्र अजूनही ‘नाइट ड्यूटी करते का’ हा प्रश्न येतोच.

आणि नाइट ड्यूटीची भीती उगाच नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली नोव्हेंबरमध्ये हल्ला झाला. त्या २०१५ साली मेमध्ये गेल्या, तोवर बेचाळीस वर्षं त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती मारहाण आणि चोरीची, बलात्काराची नाही. तेव्हा कायदा नव्हता. आज २०१३ चा कायदा आहे, त्यात कामाची जागा म्हणून रुग्णालय आणि नर्सिंग होम यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि शिकाऊ मुलीही त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती बंधनकारक, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मी गेल्या वर्षभरात अकरा खाजगी दवाखान्यांत समिती आहे का म्हणून विचारलं. दोन ठिकाणी कागद दाखवला. त्यातल्या एका ठिकाणी अध्यक्ष म्हणून डॉक्टरांच्या आईचं नाव होतं.

आता शिक्षणाकडे येते. ही मुलगी आणि तिच्यासारख्या आणखी सातआठ जणींशी मी त्या प्रसंगानंतर बसून बोलले. चार वर्षं उशिरा, पण बसले.

पहिला अडसर इंग्रजीचा. पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, आणि शिकवणाऱ्या मॅडम मराठीत सांगून इंग्रजीत लिहून देतात. मुली उत्तरं पाठ करतात. एकीने मला ‘प्रेशर सोअर’ची सगळी लक्षणं धडाधडा म्हणून दाखवली. मी विचारलं, म्हणजे मराठीत काय? ती गप्प. मग म्हणाली, ‘आजोबांना झालं होतं ते का? अंथरुणाला खिळल्यावर पाठीला?’ आजोबांची जखम तिने स्वतः सहा महिने धुतली होती. ते ज्ञान आणि हे पाठांतर एकच आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, शिकायला पेशंट लागतो. कॉलेजचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय हवं, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हवेत, असा नियम आहे. या मुलीच्या कॉलेजचं रुग्णालय कागदावर शंभर खाटांचं होतं. खाटा खरोखरच होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांवर चादरी घातल्या जात आणि सकाळी दोन टेम्पो येत. त्या टेम्पोत कोण असे, ते मला नंतर आमच्याच बचत गटातल्या बायकांनी हसत हसत सांगितलं. दोनशे रुपये आणि जेवण. दिवसभर झोपून राहायचं. एका मावशीच्या धडधाकट पायाला प्लॅस्टर घातलं होतं आणि ते कापायला संध्याकाळी कुणीच नव्हतं, ती तशीच लंगडत घरी आली. आम्ही सगळ्या खूप हसलो. मग मला आठवलं की त्याच खाटांवर आपल्या मुली शिकल्या असं कागदावर लिहिलं जाणार आहे, आणि त्या मावशीची पुतणीही त्याच कॉलेजात होती.

केसबुक नावाची वही असते. प्रत्येक मुलीने इतक्या गरोदर बायका तपासल्या, इतक्या प्रसूती स्वतः केल्या, अशी नोंद त्यात करायची. नैसर्गिक प्रसूती वीस. या मुलीच्या वहीत वीस आहेत, सह्यांसकट. मी तिला विचारलं, खऱ्या किती? ‘सिव्हिलला महिनाभर पाठवलं होतं. तिथे चार कॉलेजच्या मुली एका टेबलाभोवती. मी सहा बघितल्या, एकीत बाळ हातात घेतलं.’ बाकीच्या सीनियर मुलींच्या वहीतून उतरवल्या. हे तिने एकटीने केलं नाही, सगळा वर्ग करतो, मॅडमच उतरवायला सांगतात. नाही केलं तर परीक्षेला बसू देत नाहीत.

तपासणीचे दिवस सोडले तर कॉलेजच्या मालकाच्याच दुसऱ्या, चालत्या दवाखान्यात मुली ‘पोस्टिंग’ म्हणून राबत. सकाळची ड्यूटी, कधी लागून दुपारची. सिरिंज धुवायला कोणी नाही, चादरी बदलायला मावशी नाही, म्हणून विद्यार्थिनी. शिकाऊ मुलीने खाट घालायला शिकावं हे बरोबरच आहे, पण तीन वर्षं तेच शिकावं का? यातल्या कुणालाही त्याचा पैसा मिळत नव्हता, उलट फी त्या भरत होत्या.

शिष्यवृत्तीचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर स्वतंत्र शिबिर घ्यावं लागेल. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. म्हणजे एजंट जो ‘घरबसल्या सीट’ देतो त्या सीटवर ही माफी नाही, आणि हे एजंट सांगत नाही. जात वैधतेचा कागद बारावीच्या आधीच काढायला घ्या. आणि पैसे शासनाकडून यायला उशीर झाला की कॉलेज मुलीला परीक्षेचं हॉलतिकीट देत नाही, टीसी देत नाही. शासनाने वेळेवर पैसे दिले नाहीत याची शिक्षा मुलीला, असा सगळा हिशेब आहे.

पास झाली. निकाल लागला. घरी पेढे. आता नोकरी लगेच लागेल असं सगळ्यांना वाटतं, पण नोंदणीचा कागद हातात यायला वेळ जातो. कॉलेजकडून पूर्ततेचं प्रमाणपत्र, मंडळाची गुणपत्रिका, परिषदेची फी. हे तीनचार महिने फार वाईट. घरात स्थळं येऊ लागतात. मुकादमाची उचल फिटलेली नसते. आणि सरकारी भरतीची जाहिरात कधी येईल ते ठरलेलं नसतं. आली तर शेकडो जागांना हजारो अर्ज. कंत्राटी जागा अकरा महिन्यांच्या आदेशावर. कोविडच्या काळात तर तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर मुली घेतल्या, लाट ओसरली की घरी पाठवल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, ते वर्ष आपल्याकडे असं गेलं.

मग ‘अनुभव हवा’ म्हणून मुलगी जवळच्या खाजगी दवाखान्यात जाते. या मुलीला त्या प्रसूतिगृहात नऊ हजार ठरले. नेमणुकीचं पत्र नाही. उलट तिच्याकडून शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर सही घेतली, दोन वर्षं सोडणार नाही, सोडलं तर पन्नास हजार भरीन. आणि बारावीची गुणपत्रिका, जीएनएमचं प्रमाणपत्र, नोंदणीचं प्रमाणपत्र, सगळं मूळ, डॉक्टरांच्या कपाटात. ‘सांभाळायला ठेवतो’ म्हणाले. तिने झेरॉक्सही काढली नव्हती.

हा पगार किती कमी आहे ते आकड्यात सांगते, पाठ करा. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाने २०११ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीची शिफारस अशी: दोनशेहून जास्त खाटांच्या खाजगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार. शंभर ते दोनशे खाटांत त्याहून फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभरमध्ये फार तर पंचवीस टक्के कमी. आणि पन्नासच्या आत कितीही लहान दवाखाना असला तरी महिना वीस हजारांच्या खाली नाही. आपल्या मुलीचं प्रसूतिगृह वीस खाटांचं. वीस हजारांच्या जागी नऊ.

पण ही शिफारस आहे, आणि ती अमलात आणायची ती राज्यांनी. केरळने २०१८ साली परिचारिकांच्या किमान वेतनाची अधिसूचनाच काढली, सर्वांत लहान रुग्णालयालाही वीस हजार. ते आपोआप झालं नाही. २०११ साली मुंबईत केरळच्या एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली, बाँड आणि अडकवलेल्या कागदांचा प्रश्न तेव्हा चव्हाट्यावर आला, मुंबईत परिचारिका रस्त्यावर आल्या, आणि त्याच वर्षी त्रिचूरला युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. पुढची सहासात वर्षं संप, वाटाघाटी, पुन्हा संप. आपल्याकडे सरकारी परिचारिकांच्या संघटना आहेत, जुन्या आणि लढाऊ आहेत. पण तालुक्याच्या वीस खाटांत दोन नर्सेस असतात, एक दिवसाची, एक रात्रीची. त्या एकमेकींना भेटतात ती हँडओव्हरची दहा मिनिटं. त्यांची संघटना कोण बांधणार? हा प्रश्न मी इथे सोडून देत नाही, पुढे येते.

त्या रात्रीचं आता सांगते. तिची सलग दुसरी ड्यूटी होती, दिवसाची करून रात्रीची, कारण दुसरी मुलगी आजारी. वर सिझेरियनच्या तीन बायका, खाली लेबर रूममध्ये ही. मावशी एक, ती पेंगलेली. डॉक्टर घरी, फोनवर ‘झालं की सांग’ म्हणाले. बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि बाई घाबरून मांड्या आवळायला लागली. या मुलीने आयुष्यात एक बाळ हातात घेतलं होतं. ती मला म्हणाली, ‘ताई, मला वाटलं बाळ मरणार, आणि मीच मारलं म्हणणार सगळे. वहीत माझी वीस लिहिलेली आहेत ना.’ मग थांबून म्हणाली, ‘सिव्हिलच्या सिस्टर असंच मारायच्या. मी तेवढंच बघितलं होतं.’

मैत्रिणींनो, हे मी तिची बाजू मांडायला सांगत नाही. ज्या बाईला मार बसला तिला हे सगळं सांगितल्यावर ती काय म्हणाली ते ऐका. ‘तिची आई ऊस तोडते तशी माझी पण तोडते. मी कुणाला मारलं का?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण पुढे तीच म्हणाली, तिला काढू नका, काढलं तर दुसरी आणतील सात हजारांची. तिने माझ्यासमोर येऊन बोलावं, आणि डॉक्टर कुठे होता ते कागदावर लिहा.

आमच्या केंद्रात दोघी समोरासमोर बसल्या. मुलगी रडली नाही, मला वाटलं होतं रडेल. म्हणाली, ‘मी मारलं. मला मारायला नको होतं. मला भीती वाटली होती.’ बाई म्हणाली, ‘भीती मला पण वाटली होती.’ नंतर बराच वेळ दोघीही काही बोलल्या नाहीत. बाळ रडायला लागलं तसं मुलीने सवयीने हात पुढे केले, बाईने बाळ दिलं नाही. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही आणि नंतरही म्हणालेली मी ऐकलं नाही.

निवेदन आम्ही नव्याने लिहिलं. रात्री डॉक्टर हजर नव्हते, एका परिचारिकेकडे दोन मजले होते, सलग सोळा तासांची ड्यूटी होती, नेमणूकपत्र नाही, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवली आहेत. खाली तक्रारदार बाईची सही. शेजारी त्या मुलीची सही. सही करायला तिने दोन दिवस घेतले. प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, प्रत कामगार अधिकाऱ्यांना. या वेळी डॉक्टरांनी चांगलीच खळखळ केली. ‘तुम्ही बायकांचं भलं करता की दवाखाने बंद पाडता’ असं म्हणाले. आम्ही कागदांवरच बोट ठेवलं. बाँडच्या वादात तुम्ही हवं तर दिवाणी कोर्टात जा, पण मुलीची प्रमाणपत्रं ठेवून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, भारतीय परिचर्या परिषदेनेही ही बाँडची पद्धत अमान्य केलेली आहे. मुदतीची तारीख लिहून पोच घेतली. सहाव्या दिवशी कागद मिळाले, बारावीच्या गुणपत्रिकेवर चहाच्या कपाचा गोल डाग होता. पन्नास हजारांसाठी कोर्टात कुणी गेलं नाही. सोळा तासांच्या ड्यूटीचं काय झालं म्हणाल तर, फारसं काही नाही. तिथे आता ‘रात्री डॉक्टर उपलब्ध’ असा बोर्ड लागला आहे. असतात की नाही ते आमच्या बायका जाऊन बघतात.

मुलगी सध्या शेजारच्या जिल्ह्यात एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात आहे. सोळा हजार. वीस नाहीत, पण नेमणूकपत्र आहे, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, आणि लेबर रूमला एक पन्नाशीच्या इन्चार्ज सिस्टर आहेत, ज्या मारत नाहीत. तिथे तिने पहिल्या दोन महिन्यांत बारा प्रसूती केल्या. तिने मला फोन करून आकडा सांगितला, ‘खऱ्या’ असं म्हणून.

आता आपल्या कामाचं. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या प्रत्येक केंद्रात मुली येतील. फॉर्म भरून देण्याआधी मान्यतेच्या यादीत कॉलेजचं नाव बघा, ती यादी परिषदेच्या संकेतस्थळावर आहे. २०२३ साली संसदेने परिषदेच्या जागी नव्या आयोगाचा कायदा केला आहे, पाटी बदलेल, यादी मागायची सवय बदलू नका. कॉलेजच्या दवाखान्यात तपासणी नसलेल्या दिवशी, शक्यतो मंगळवारी-बुधवारी, सकाळी अकरा वाजता जा आणि भरलेल्या खाटा मोजा. प्रत्येक मुलीची एक फाइल करा, मूळ कागद घरी, झेरॉक्स आपल्याकडे. शेवटच्या वर्षाच्या मुलींना एकत्र बसवा, कारण नंतर त्या दोन-दोन करून विखुरतात. संघटनेचा जो प्रश्न मघाशी ठेवला होता, त्याची सुरुवात मला तिथे दिसते, वीस खाटांच्या दवाखान्यात नाही. आमच्याकडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अशा चौदा जणी येतात. पहिल्या बैठकीत त्यांनी एकच केलं, प्रत्येकीने आपला पगार मोठ्याने सांगितला. सर्वांत जास्त अठरा हजार, सर्वांत कमी सहा. एकाच डॉक्टरकडे काम करणाऱ्या दोघींना एकमेकींचा पगार त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

ती मुलगीही सुटी मिळाली की येते. नव्या मुलींची केसबुकं तपासायचं काम तिने मागून घेतलं आहे. आणि ती मार खाल्लेली बाई गेल्या महिन्यात आली होती, धाकट्या बहिणीला घेऊन. बहीण बारावीला आहे, तिला नर्सिंगला घालायचं आहे. कॉलेजची माहितीपत्रकं मी सोबत आणली आहेत, चहानंतर आपण ती गटागटाने बघू.